डिस्क फॉरमॅट करण्यापूर्वी: एनटीएफएस, एक्सफॅट, फॅट३२ की आणखी काही?

नवीन डिस्क किंवा पेनड्राइव्ह जोडून फॉरमॅटची खिडकी उघडली की 'फाइल सिस्टीम' या चौकटीत दोन-तीन नावं दिसतात. बहुतेक जण आधीच निवडलेलं नाव तसंच ठेवून 'स्टार्ट' दाबतात. त्या वेळी काहीच बिघडत नाही. चूक कळते ती महिन्या-दोन महिन्यांनी. पेनड्राइव्हवर २० जीबी जागा मोकळी असूनही लग्नाचा व्हिडिओ त्यावर जात नाही. मॅकवर डिस्क उघडते, फोटो दिसतात, पण एक नवा फोल्डरही बनवता येत नाही. गाडीचा स्टिरिओ पेनड्राइव्ह ओळखतच नाही. तोवर डिस्क भरलेली असते, म्हणजे फाइल सिस्टीम बदलायची तर आधी सगळा डेटा दुसरीकडे हलवणं आलं.

म्हणून फॉरमॅट करण्याआधी दोन प्रश्नांची उत्तरं ठरवून घ्यावीत. ही डिस्क कोणकोणत्या यंत्रांना जोडायची आहे? आणि फाइल लिहिली जात असताना वीज गेली किंवा केबल निघाली, तर त्यावरचं काय गमावलं तरी चालेल? पहिला प्रश्न निदान काही जण तरी विचारतात. दुसरा जवळजवळ कुणीच विचारत नाही, आणि घरातली वर्षानुवर्षांची छायाचित्रं बहुतेक वेळा तिथेच जातात.

खतावणी आणि रोजकीर्द

डिस्क म्हणजे क्रमांक घातलेल्या लाखो रिकाम्या खणांची रांग. कोणती फाइल कोणकोणत्या खणांत आहे, कुठले खण मोकळे आहेत, फाइलचं नाव काय, ती कधी बदलली, याची नोंद ठेवणारी खतावणी म्हणजे फाइल सिस्टीम. फॉरमॅट करणं म्हणजे नव्या पद्धतीची कोरी खतावणी घालणं. नेहमीच्या झटपट फॉरमॅटमध्ये जुन्या खणांतला माल तसाच राहतो, फक्त त्याची नोंद उरत नाही.

आता एक फाइल लिहायची तर खतावणीत तीन-चार ठिकाणी फेरफार करावे लागतात. त्यातले दोन झाले आणि वीज गेली, तर खतावणी स्वतःशीच जुळत नाही. यावर उपाय म्हणजे जर्नल, आपल्या दुकानदारी भाषेत रोजकीर्द. आधी रोजकीर्दीत लिहायचं की अमुक फेरफार करणार आहे, मग खतावणीत करायचे. मध्येच वीज गेली तरी पुन्हा चालू केल्यावर रोजकीर्द पाहून अर्धवट राहिलेला व्यवहार पुरा करता येतो किंवा रद्द करता येतो. विंडोजची एनटीएफएस, लिनक्सची एक्स्ट४ आणि मॅकची जुनी एचएफएस प्लस यांच्याकडे ही रोजकीर्द आहे. मॅकची नवी एपीएफएस आणि लिनक्सची बीटीआरएफएस वेगळ्या मार्गाने तेच साधतात: जुनी नोंद खोडत नाहीत, नवी नोंद दुसऱ्या जागी पूर्ण लिहून झाल्यावरच जुनी सोडतात. फॅट३२ आणि एक्सफॅट यांच्याकडे यातलं काहीही नाही. पुढचे बहुतेक निर्णय या एका फरकावरून होतात.

रोजकीर्द खतावणी सांभाळते, फाइलमधला मजकूर नव्हे, हेही लक्षात ठेवावं. वीज गेली तेव्हा जी फाइल लिहिली जात होती ती अर्धवटच राहील. पण बाकीच्या हजारो फाइल जागच्या जागी सापडतील.

एनटीएफएस: विंडोजच्या घरात राहणारी डिस्क

विंडोज एनटी ३.१ सोबत १९९३ साली आलेली ही पद्धत आजही विंडोजची मुख्य फाइल सिस्टीम आहे. संगणकाच्या आतली डिस्क, किंवा बाहेरची असली तरी फक्त विंडोज संगणकांनाच लागणारी डिस्क असेल, तर दुसरा विचार करू नये. फाइलच्या आकाराची अडचण नाही, रोजकीर्द आहे, कुणाला काय उघडता यावं याच्या परवानग्या ठेवता येतात.

त्या परवानग्यांमुळेच एक अडचण नेहमी येते. जुन्या संगणकातली डिस्क काढून नव्याला जोडली की काही फोल्डर उघडायला नकार मिळतो. डेटा खराब झालेला नसतो. त्या फोल्डरचा मालक म्हणून जुन्या विंडोजमधल्या खात्याची नोंद असते, एवढंच. फोल्डरवर राइट क्लिक, 'प्रॉपर्टीज', 'सिक्युरिटी', 'अ‍ॅडव्हान्स्ड' असं जाऊन मालकाच्या जागी आपलं खातं घालावं आणि आतल्या सर्व फोल्डरांना तोच बदल लागू करण्याच्या चौकटीत खूण करावी. ही अडचण आली म्हणून डिस्क फॉरमॅट करायची काहीही गरज नाही.

मॅक एनटीएफएस वाचतो, पण त्यावर लिहीत नाही. लिहिण्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर घ्यावं लागतं. लिनक्समध्ये मात्र लिहिणं व्यवस्थित चालतं. २०२१ साली आलेल्या ५.१५ या कर्नलपासून (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा) त्यासाठीचा नवा ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे. एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तर सामाईक डेटाचा भाग एनटीएफएस ठेवावा, पण विंडोजमधलं 'फास्ट स्टार्टअप' बंद करूनच. ते चालू असताना 'शट डाउन' केलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धनिद्रेत राहतं, आणि डिस्कची खतावणी त्याच्या हातात उघडीच असते. अशा वेळी लिनक्स ती डिस्क फक्त वाचण्यापुरती जोडतं, किंवा जोडायलाच नकार देतं. जबरदस्तीने लिहायला लावलं तर डेटा जातो.

एक्सफॅट: प्रवासाचा डबा

मायक्रोसॉफ्टने २००६ साली काढलेली एक्सफॅट ही विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिघांनाही वाचता-लिहिता येते. मॅकमध्ये १०.६.५ या आवृत्तीपासून सोय आहे. मायक्रोसॉफ्टने २०१९ साली तिचा तपशील खुला केल्यानंतर लिनक्सच्या कर्नलमध्येही ती आली. ३२ जीबीपेक्षा मोठ्या, एसडीएक्ससी जातीच्या मेमरी कार्डांसाठी हीच फाइल सिस्टीम ठरवून दिलेली आहे, म्हणून नवे कॅमेरे आणि बरेचसे फोन ती ओळखतात. फॅट३२ मध्ये एका फाइलीला असलेली ४ जीबीची मर्यादा इथे नाही. विंडोज आणि मॅक यांच्यात फाइलींची ने-आण करायची असेल, तर हाच पर्याय घ्यावा.

पण तो डबा आहे, कोठी नव्हे. दुकानात मिळणाऱ्या कित्येक बाहेरच्या हार्ड डिस्क 'मॅक आणि विंडोज दोन्हीवर चालते' असं लिहून एक्सफॅटमध्येच येतात, आणि लोक त्यावर दहा-दहा वर्षांचे फोटो साठवतात, दुसरी प्रत न ठेवता. रोजकीर्द नाही, आणि कोणते खण कुठल्या फाइलीला दिले हे सांगणाऱ्या वाटपाच्या तक्त्याची प्रतही सामान्यतः एकच असते. फाइल जात असताना केबल हलली तर नेमका तो तक्ता अर्धवट राहू शकतो. मग डिस्क 'रॉ', म्हणजे फाइल सिस्टीम ओळखू न येणारी, दिसते किंवा फोल्डर रिकामे दिसतात. जिथे उन्हाळ्यात दिवसातून दोनदा वीज जाते आणि संगणकाला यूपीएस नाही, तिथे एकमेव प्रत एक्सफॅटवर ठेवू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. डिस्क फक्त विंडोजलाच लागणार असेल, तर नवी असतानाच, रिकामी असतानाच, ती एनटीएफएस करून घ्यावी.

दुसरा तोटा जागेचा. फाइल सिस्टीम जागा ठरावीक मापाच्या घासांत देते, त्याला 'अलोकेशन युनिट' किंवा क्लस्टर म्हणतात. विंडोजमध्ये ३२ जीबीपेक्षा मोठी डिस्क एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केली की हा घास आपोआप १२८ केबीचा ठरतो. एनटीएफएसमध्ये १६ टीबीपर्यंत तो ४ केबीचा असतो. फाइल १० केबीची असली तरी तिला पूर्ण घासांतच जागा मिळते. म्हणजे १० केबीच्या एक लाख फाइल एनटीएफएसवर प्रत्येकी १२ केबी घेतील, एकूण सव्वा जीबीच्या आतबाहेर. त्याच एक्सफॅटवर प्रत्येकी १२८ केबी घेतील, एकूण १२ जीबीहून जास्त. व्हिडिओ आणि फोटोंना याने फरक पडत नाही, पण हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा बॅकअप, प्रोग्रामचे प्रकल्प, ईमेलचा साठा असल्या बारीक फाइलींच्या ढिगाला पडतो. अशा फाइल न्यायच्याच असतील तर आधी झिप करून एकच फाइल न्यावी. जागाही वाचते आणि नक्कल करायला वेळही फार कमी लागतो.

मॅकवर एक्सफॅट केलेली डिस्क कधीकधी विंडोजला दिसत नाही. बहुतेक वेळा पार्टिशनची योजना (डिस्कचे भाग नोंदवण्याची पद्धत) किंवा घासाचं माप वेगळं पडलेलं असतं. दोन्हीकडे वापरायची डिस्क शक्यतो विंडोजवर फॉरमॅट करावी. मॅक ती मुकाट्याने वाचतो. त्यानंतर मॅकने त्यावर टाकलेल्या, टिंब आणि अधोरेषेने नाव सुरू होणाऱ्या छोट्या फाइल विंडोजमध्ये दिसतील. तो व्हायरस नव्हे. मॅकची स्वतःची जादा माहिती एक्सफॅटमध्ये ठेवायला जागा नसते, म्हणून तो ती वेगळ्या फाइलीत ठेवतो.

फॅट३२: जुनं, पण अजून लागणारं

विंडोज ९५ च्या सुधारित आवृत्तीबरोबर १९९६ साली आलेली फॅट३२ जवळजवळ प्रत्येक यंत्राला समजते. गाडीचे स्टिरिओ, जुने टीव्ही, कीबोर्ड-सिंथेसायझर, प्रिंटरचं यूएसबी तोंड, झेरॉक्सच्या दुकानातला जुना संगणक. नुसती गाणी न्यायची किंवा पीडीएफ छापून आणायची, तर १६ किंवा ३२ जीबीचा पेनड्राइव्ह फॅट३२ मध्येच ठेवावा.

तिची मर्यादा अशी की एक फाइल ४ जीबीला एक बाइट कमी, एवढीच मोठी असू शकते: ४,२९,४९,६७,२९५ बाइट. मिनिटाला ३५० एमबी या हिशेबाने व्हिडिओ घेतला तर जेमतेम बारा मिनिटांत ही मर्यादा गाठली जाते. फॅट३२ कार्डावर कॅमेरे म्हणूनच लांब चित्रणाचे तुकडे करतात. विंडोज अशा वेळी 'फाइल फार मोठी आहे' असं सांगतं, आणि लोक पेनड्राइव्ह रिकामा करायला लागतात. जागा कितीही केली तरी ती फाइल जाणार नाही. फाइल सिस्टीमच बदलावी लागेल.

विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅट खिडकीत ३२ जीबीपेक्षा मोठ्या डिस्कला फॅट३२ हा पर्याय वर्षानुवर्षं दिसत आलेला नाही. ही अडवणूक विंडोजची, फॅट३२ ची नव्हे. तिची स्वतःची मर्यादा नेहमीच्या डिस्कांवर २ टीबी आहे. गाडीसाठी ६४ जीबीचा पेनड्राइव्ह फॅट३२ करायचाच असेल तर रुफससारखं मोफत साधन किंवा लिनक्सचं 'डिस्क्स' अ‍ॅप ते करून देतं.

विंडोज बसवण्यासाठी पेनड्राइव्ह तयार करताना याच मर्यादेशी गाठ पडते. यूईएफआय या नव्या पद्धतीने चालू होणारे संगणक बूट करण्यासाठी, म्हणजे पेनड्राइव्हवरून सुरू होण्यासाठी, फॅट३२ शोधतात, पण विंडोजच्या आयएसओमधली, म्हणजे बसवायच्या फाइलींच्या गठ्ठ्यातली, 'इन्स्टॉल' नावाची मुख्य फाइल बहुधा ४ जीबीहून मोठी असते. त्यामुळे आयएसओ उघडून हाताने नक्कल करणं तिथेच अडतं. मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने पेनड्राइव्ह बनवला तर ती फाइल दाबून लहान केलेली येते. रुफस एनटीएफएस वापरून तिला बूट करण्याची वेगळी सोय जोडतं. दोन्हींपैकी काहीही वापरावं.

फॅट३२ असलेल्या डिस्कवर आधीच डेटा असेल आणि ती एनटीएफएस करायची असेल, तर विंडोजची 'कन्व्हर्ट' ही आज्ञा फॉरमॅट न करता ते करते. उलट दिशेने मात्र ती चालत नाही, आणि एक्सफॅटसाठीही नाही. आज्ञा देण्यापूर्वी डेटाची प्रत काढून ठेवावीच.

मॅकसाठी

फक्त मॅकला लागणारी एसएसडी (तबकडीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क) असेल तर एपीएफएस. २०१७ च्या हाय सिएरा या आवृत्तीपासून मॅकची हीच मुख्य फाइल सिस्टीम आहे. ती एसएसडी डोळ्यांसमोर ठेवून बनवलेली आहे. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवर तिच्या नोंदी विखुरतात आणि कालांतराने फोल्डर उघडायलाही वेळ लागतो. अशा हार्ड डिस्कवर साधा डेटा ठेवायचा असेल तर 'मॅक ओएस एक्स्टेंडेड, जर्नल्ड' हा जुना पर्याय, म्हणजे एचएफएस प्लस, अजूनही बरा. मॅकच्या टाइम मशीन या सोयीचा बॅकअप याला अपवाद: बिग सर या आवृत्तीपासून नवा बॅकअप घेताना मॅक ती डिस्क एपीएफएसच करतो, आणि तसं करू द्यावं. त्या डिस्कची क्षमता मॅकच्या डिस्कच्या निदान दुप्पट असावी. 'केस सेन्सिटिव्ह' (नावातली मोठी-लहान इंग्रजी अक्षरं वेगळी मानणारा) लिहिलेला पर्याय, तो का हवा हे माहीत असल्याशिवाय घेऊ नये. काही अ‍ॅप अशा डिस्कवर बसतच नाहीत.

डिस्क युटिलिटीमध्ये बहुतेकांची एक पायरी चुकते. अ‍ॅप उघडल्यावर डावीकडे फक्त व्हॉल्यूम, म्हणजे डिस्कचे भाग, दिसतात. आधी 'व्ह्यू' मेन्यूतून 'शो ऑल डिव्हायसेस' निवडावं, मग सर्वांत वरचं, कंपनीचं नाव असलेलं उपकरण निवडून 'इरेज' दाबावं. असं केलं तरच 'स्कीम' ही चौकट दिसते. तिथे 'जीयूआयडी पार्टिशन मॅप' ठेवावं. गाडीच्या स्टिरिओसाठी किंवा जुन्या टीव्हीसाठी असेल तर 'मास्टर बूट रेकॉर्ड'. याच यादीत फॅट३२ हे 'एमएस-डॉस फॅट' या नावाने असतं.

लिनक्ससाठी, आणि देवनागरी नावांबद्दल

लिनक्सच्या घरच्या संगणकाला एक्स्ट४ पुरेशी आहे. २००८ च्या अखेरीपासून ती स्थिर मानली जाते आणि बिघडली तर दुरुस्तीची साधनंही भरपूर आहेत. एक्सएफएस मोठ्या फाइलींच्या सर्व्हरवर उत्तम, पण एकदा बनवलेला भाग तिच्यात लहान करता येत नाही, हे आधी माहीत हवं. बीटीआरएफएस डेटा बिघडला का हे कळावं म्हणून त्याचं पडताळणी-मूल्य ठेवते आणि स्नॅपशॉट (त्या क्षणीच्या स्थितीची नोंद) देते; फेडोरा या लिनक्सच्या डेस्कटॉप आवृत्तीत ३३ पासून तीच मुख्य आहे. मात्र तिच्या रेड ५ आणि रेड ६ या अनेक डिस्क एकत्र जोडण्याच्या पद्धतींवर विसंबू नये.

एक्स्ट४ पाच टक्के जागा रूट वापरकर्त्यासाठी, म्हणजे लिनक्सच्या प्रशासक खात्यासाठी, राखून ठेवते. सिस्टीमच्या डिस्कवर ते योग्यच, कारण डिस्क पूर्ण भरली तरी संगणक चालू राहतो. पण ४ टीबीच्या नुसत्या डेटा डिस्कवर यात २०० जीबी अडकतात. 'ट्यून-टू-एफएस' या आज्ञेने हे प्रमाण एक टक्का किंवा शून्य करता येतं, डेटाला धक्का न लावता. टर्मिनलमधून बनवलेल्या एक्स्ट४ डिस्कवर पहिल्यांदा काहीच लिहिता येत नाही, त्याचं कारणही मालकी हेच: तिचं मूळ फोल्डर रूटच्या नावे असतं, ते आपल्या नावे करून घ्यावं.

मराठीत फाइलींची नावं देणाऱ्यांसाठी एक गोष्ट महत्त्वाची आहे, आणि ती फारशी कुठे सांगितली जात नाही. एनटीएफएस, एक्सफॅट आणि फॅट३२ यांच्यात नावाला २५५ अक्षरखुणा चालतात. एक्स्ट४, एक्सएफएस आणि बीटीआरएफएस यांच्यात मर्यादा २५५ बाइटची आहे, आणि देवनागरीची प्रत्येक खूण यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत ३ बाइट घेते. काना, वेलांटी, मात्रा, अनुस्वार, जोडाक्षरातला हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. 'ज्ञानेश्वरी' या शब्दात ११ खुणा आहेत, म्हणजे ३३ बाइट. त्यामुळे लिनक्सवर देवनागरी नाव जास्तीत जास्त ८५ खुणांचं होऊ शकतं. घरातले बहुतेक नॅस, म्हणजे नेटवर्कला जोडलेले डिस्कचे खोके, आतून लिनक्सच असतात. म्हणून विंडोजवर मजेत चाललेलं 'अमुक यांच्या पंच्याहत्तरीनिमित्त झालेल्या सत्काराचे, अध्यक्षीय भाषणासह संपूर्ण ध्वनिमुद्रण' असलं लांब नाव नॅसवर नक्कल करताना अडतं, आणि बॅकअपमधून तेवढीच फाइल गाळली जाते. नाव ५०-६० खुणांत ठेवावं, बाकीचं वर्णन फोल्डरच्या नावात द्यावं.

उलट बाजूने, लिनक्सवर चालणारी काही चिन्हं विंडोजच्या फाइल सिस्टीमना चालत नाहीत: अपूर्णविराम, प्रश्नचिन्ह, तारका, दुहेरी अवतरण. 'सभा १०:३०' हे नाव एक्सफॅटवर जाणार नाही. 'सभा १०-३०' जाईल.

विंडोजवर प्रत्यक्ष फॉरमॅट करताना

पहिलं काम म्हणजे ज्या डिस्क पुसायच्या नाहीत त्या सगळ्या काढून ठेवणं. दोन सारख्याच क्षमतेच्या डिस्क एकाच वेळी जोडलेल्या असल्या की चूक होते, आणि ती परत फिरवता येत नाही.

स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून 'डिस्क मॅनेजमेंट' उघडावं. खालच्या भागात प्रत्येक डिस्कचा क्रमांक आणि क्षमता दिसते. १ टीबीची डिस्क इथे ९३१ जीबी दिसेल. कंपनी १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरते, विंडोज १,०७३,७४१,८२४ धरतं, म्हणून हा फरक. डिस्क अगदी कोरी असेल तर पार्टिशनची योजना एमबीआर (मास्टर बूट रेकॉर्ड) की जीपीटी (जीयूआयडी पार्टिशन टेबल) असा प्रश्न येतो. संगणकासाठी जीपीटी घ्यावं. २ टीबीपेक्षा मोठ्या डिस्कला तर तेच हवं, कारण एमबीआरमध्ये त्यापुढची जागा वापरताच येत नाही. गाडी, जुना टीव्ही किंवा तसंच दुसरं यंत्र असेल तर एमबीआर. नंतर बदलायचं झालं तर त्या डिस्कवरचे सगळे भाग काढून टाकावे लागतात, म्हणजे डेटा जातो.

त्या डिस्कच्या पट्टीवर राइट क्लिक करून 'फॉरमॅट' किंवा 'न्यू सिंपल व्हॉल्यूम' निवडावं. मग चार गोष्टी भरायच्या.

लेबल: इंग्रजीत, ११ अक्षरांच्या आत. फॅट३२ आणि एक्सफॅटला त्याहून मोठं चालत नाही.

फाइल सिस्टीम: वर ठरवलेली.

अलोकेशन युनिट साइझ: 'डीफॉल्ट' ठेवावं. एनटीएफएसवर ६४ केबी घास केला तर मोठ्या व्हिडिओंना किंचित फायदा होतो, पण त्या डिस्कवर एनटीएफएसचं कॉम्प्रेशन वापरता येत नाही.

क्विक फॉरमॅट: इथे थोडं थांबावं. खूण असेल तर फक्त नवी खतावणी घातली जाते, काही सेकंदांत. खूण काढली तर विंडोज पूर्ण डिस्कवर शून्यं लिहितं आणि खराब जागा शोधतं. सेकंदाला १०० एमबी या वेगाने १ टीबीला पावणेतीन तास लागतात, ४ टीबीला अकरा. नवी किंवा जुन्या बाजारातून आणलेली हार्ड डिस्क एकदा तरी अशी पूर्ण फॉरमॅट करावी. कमकुवत असेल तर डेटा टाकण्याआधीच कळेल. हार्ड डिस्क विकण्यापूर्वीही पूर्णच करावी, कारण क्विक फॉरमॅटनंतर मोफत साधनांनीही फाइल परत काढता येतात. एसएसडीला पूर्ण फॉरमॅटचा उपयोग नाही, नुसती झीज होते. ती विकायची असेल तर कंपनीच्या साधनातलं 'सिक्युअर इरेज' वापरावं.

कॅमेरा, डॅशकॅम आणि सीसीटीव्हीचा डीव्हीआर यांची कार्डं आणि डिस्क मात्र संगणकावर फॉरमॅट करू नयेत. त्या यंत्राच्याच मेन्यूतून कराव्यात; त्याला हवी ती फाइल सिस्टीम, हवा तो घास आणि हवे ते फोल्डर ते स्वतः बनवतं.

अडलं तर

'डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करा' असा संदेश आला तर 'कॅन्सल' दाबावं. आधी पाहावं की ही डिस्क मॅकची किंवा लिनक्सची तर नाही. विंडोजला एपीएफएस आणि एक्स्ट४ मुळात वाचता येत नाहीत, म्हणून ते धडधाकट डिस्कलाही फॉरमॅट करायला सांगतं. तशी नसेल, फाइल सिस्टीम 'रॉ' दाखवत असेल आणि आत हवा असलेला डेटा असेल, तर त्यावर काहीही लिहू नये, दुरुस्तीही लगेच चालवू नये. टेस्टडिस्क किंवा फोटोरेक या मोफत साधनांनी डेटा आधी दुसऱ्या डिस्कवर काढावा. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर तेही करू नये. वीज बंद करून डेटा परत मिळवून देणाऱ्यांकडे न्यावी. प्रत्येक जादा फिरण्याने तबकडी आणखी खरवडली जाते.

'राइट प्रोटेक्टेड' असा संदेश आल्यास एसडी कार्डाच्या बाजूची छोटी कळ पाहावी. ती ठीक असेल आणि तरीही फॉरमॅट होत नसेल, तर बहुधा फ्लॅश चिप संपत आली आहे आणि कंट्रोलरने तिला कायमचं फक्त-वाचा करून टाकलं आहे. कोणतंही सॉफ्टवेअर ते उघडत नाही. वाचता येतं तोवर डेटा काढून घ्यावा.

एक्सफॅट किंवा फॅट३२ डिस्क केबल ओढून काढल्यावर फाइल गायब दिसत असतील, पण डिस्क उघडत असेल, तर महत्त्वाच्या फाइल नक्कल करून मगच 'प्रॉपर्टीज', 'टूल्स', 'चेक' असं जावं. दुरुस्तीत ज्या तुकड्यांचं नाव सापडत नाही ते विंडोज 'फाउंड' नावाच्या छुप्या फोल्डरमध्ये ठेवतं. अशा डिस्क काढताना प्रत्येक वेळी 'इजेक्ट' करावं. विंडोज १० च्या २०१८ मधल्या १८०९ आवृत्तीपासून बाहेरच्या डिस्कांना 'क्विक रिमूव्हल', म्हणजे लिखाण अडवून न ठेवता लगेच डिस्कवर उतरवणं, हे धोरण मूळचंच असतं, त्यामुळे इजेक्ट न करता काढलेली डिस्क बहुतेक वेळा वाचते. पण मागे एखादं सॉफ्टवेअर त्याच क्षणी लिहीत असेल तर तिथे ते धोरण काहीच करू शकत नाही.

शेवटी फॉरमॅट झाल्याबरोबर, डेटा टाकण्याआधी दोन चाचण्या घ्याव्यात. पेनड्राइव्ह किंवा कार्ड फारच स्वस्त मिळालेलं असेल तर एच२टेस्टडब्ल्यू या साधनाने ते पूर्ण भरून परत वाचून पाहावं. मॅक किंवा लिनक्सवर एफ३. बनावट पेनड्राइव्ह १ टीबी सांगतात, फॉरमॅटही निमूटपणे होतात, आणि आतल्या खऱ्या ३२ जीबीपुढचं सगळं लिहिलेलं कुठेच जात नाही. दुसरी चाचणी: ४ जीबीहून मोठी एक फाइल आणि देवनागरी नावाची एक फाइल टाकून, डिस्क ज्या-ज्या यंत्राला लागणार आहे त्या प्रत्येकावर लावून दोन्ही उघडून पाहाव्यात, आणि ज्या संगणकांवर लिहायचं आहे तिथे एक नवा फोल्डरही बनवून पाहावा. काही अडलं तर डिस्क अजून रिकामी आहे, फाइल सिस्टीम बदलायला अर्धा मिनिट पुरतो.